लिफ्टकाकांची खुर्ची

खुर्ची घ्यायची की नाही यावरून घरात दोन तट पडले. माणसं मोजून तीन, त्यातही दोन तट पडावेत हे या घराला साजेसंच होतं. थोरला म्हणत होता, खुर्ची-बिर्ची काही नको, बाबांना सरळ वृद्धाश्रमात ठेवू, तिथं रात्रंदिवस माणसं असतात. धाकटी म्हणत होती, आईला जाऊन अजून धड दोन महिने झाले नाहीत आणि तू बाबांना घराबाहेर काढायला निघालास. आणि ज्यांच्यावरून हे चाललं होतं ते बाबा खचलेल्या सोफ्यात बसून दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते, भांडण शेजाऱ्यांचं असल्यासारखं.

अडचण एकच होती. बाबांना बसल्यावर आपलं आपण उठता येत नव्हतं. पाय चालते होते. एकदा उभे राहिले की काठी टेकत घरभर फिरायचे, संडासला जायचे, खिडकीशी जाऊन रस्ता बघायचे. पण बसले की बसले. इतकी वर्षं त्यांना आई उठवायची. समोर उभी राहून दोन्ही हात पुढे करायची, "हं, चला" म्हणायची आणि अंग मागे टाकून त्यांना ओढून काढायची. बाबा तिच्या दुप्पट, तरी उठायचे. एका दुपारी ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी कोसळली आणि तिथंच गेली. बाबा पुढच्या खोलीत सोफ्यावर होते. संध्याकाळी शेजारीणबाई किल्ली लावून आत आल्या, तेव्हाही ते सोफ्यावरच होते.

त्या दुपारी त्यांच्या कानावर काय पडलं आणि काय नाही, हे कुणी त्यांना विचारलं नाही. विचारून उपयोग काय? अलीकडचं बरंचसं त्यांच्या डोक्यातून निसटून जात होतं. बायको गेली हेसुद्धा ध्यानात राहत नव्हतं. "तुझी आई कुठंय?" म्हणून विचारायचे. सुरुवातीला एकदा थोरल्यानं खरं सांगितलं, तर इतके रडले की त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. त्या दिवसापासून धाकटीनं उत्तर ठरवून टाकलं. बाबांनी विचारलं की म्हणायचं, "येतेय, बाबा. थांबा जरा." ते लगेच शांत व्हायचे. त्यांना बरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तिलाही.

धाकटी एकटी होती. आई गेल्यावर तिनं आपलं बिऱ्हाड उचलून बाबांकडे आणलं. पण नोकरी सोडणं शक्य नव्हतं, आणि दिवसभराची बाई ठेवावी तर तिच्या पगारात ते बसत नव्हतं. थोरल्याचा संसार लांबच्या गावी. शेवटी महिनाभराचा करार झाला. बटण दाबलं की बसलेल्याला उठवून उभं करणारी ती खुर्ची आणायची. बाबा दिवसभर एकटे राहून आपले आपण उठू-बसू शकले तर घरी राहतील, नाही तर वृद्धाश्रमातली खोली घ्यायची. "महिन्यानं मी येऊन बघतो," थोरला म्हणाला. अगदी परीक्षा घ्यायला आल्यासारखा.

धाकटी दातांच्या कवळ्या बनवायच्या कामात होती. परक्यांच्या जबड्यांचे साचे हातात घेऊन तिचा दिवस जायचा. कवळी केसभर चुकली तरी माणूस घासाघासाला शिव्या घालतो, हे तिला पक्कं माहीत. म्हणून खुर्ची घ्यायला निघण्याआधी ती टेप घेऊन बाबांच्या पायाशी बसली. टाचेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत, मग मांड्यांची रुंदी.

"कपडे शिवतेस की काय माझे?" बाबांनी विचारलं.

"खुर्ची शिवतेय."

"मग जरा सैल ठेव. तुझी आई म्हणते, मी सुटत चाललोय."

ती हसली, आणि मग टेपवरचे आकडेच तिला दिसेनात.

दुकान मोठं होतं. एका बाजूला चाकाच्या खुर्च्या, काठ्या, कुबड्या, आणि दुसऱ्या बाजूला या उठवणाऱ्या खुर्च्यांची रांग. टाय लावलेला एक विक्रेता समजावून सांगत होता. एका मोटरची खुर्ची पाठ आणि पाय एकदमच हलवते, दोन मोटरची वेगवेगळे. कापड मऊ हवं की पुसता येणारं? धाकटीनं एकेका खुर्चीत बाबांना बसवून बघितलं. एकीत पाय जमिनीला टेकेनात. दुसरीत बैठक इतकी खोल की बाबा त्यात लोळल्यासारखे दिसायला लागले. तिसरीचे हात इतके उंच की खांदे कानाला लागले. विक्रेत्याच्या कपाळावर आठ्या चढल्या, पण ती बधली नाही. पाचवी की सहावी खुर्ची जमली. पावलं सपाट टेकली, गुडघ्यामागे दोन बोटं जागा राहिली, कोपर नीट टेकलं.

खुर्चीच्या उजव्या बाजूला वायरवर एक रिमोट लटकत होता. दोन मोठी बटणं, एकावर वरचा बाण, दुसऱ्यावर खालचा. बाबांचा हात न बघताच तिथं गेला. त्यांची पाठ ताठ झाली.

बाबा जन्मभर लिफ्टमन होते. एका विमा कंपनीच्या इमारतीत, जाळीचं दार, पितळी दांडा आणि बसायला लाकडी स्टूल. इमारतीतल्या साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणायचे. मुलांचे वाढदिवस विसरतील, पण कोण कितव्या मजल्यावर उतरतो हे कधी विसरायचे नाहीत.

"किती माणसांची आहे?" त्यांनी विक्रेत्याला विचारलं.

"एकाच माणसाची, काका."

"एका माणसासाठी एवढं मशीन!" त्यांनी मान हलवली. "आणि वीज गेली तर? माणूस मधेच लटकणार?"

विक्रेत्यानं बॅटरी दाखवली. ती वाकून बघितल्यावर लिफ्टकाकांचं समाधान झालं. त्यांनी बटण दाबलं. खुर्ची घरघरत मागून वर आली, पुढे कलली, आणि बाबा कुणाचाही हात न धरता उभे राहिले.

"पहिला मजला," ते म्हणाले. "सावकाश उतरा."

दुकानातली सगळी माणसं हसली. धाकटीनं बाबांच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिथल्या तिथं खुर्ची पक्की केली. जिंकलो, असं तिला वाटलं. दुपारभर तिचे पाय जमिनीवर नव्हते.

खुर्ची घरी आली तो आठवडा तिनं रजा टाकली होती. ती समोर उभी राहायची, "चला बाबा" म्हणायची, आणि बाबा बटण दाबून रुबाबात उठायचे. मग रजा संपली. पहिल्या दिवशी कामावर तिचा जीव टांगणीला. मधल्या सुट्टीत तिनं फोन केला. बाबांच्या मांडीवरच फोन ठेवला होता.

"उठलात का, बाबा?"

"हो हो," बाबा म्हणाले. त्या आवाजावरून काहीच कळेना.

संध्याकाळी दार उघडताच वास आला. बाबा खुर्चीत होते. पँट ओली, खुर्ची ओली, टेबलावरचं जेवण झाकलेलं तसंच. रिमोट हातात, अंगठा वरच्या बाणावर. ती सकाळी सोडून गेली होती तसेच.

तिला आधी राग आला. तोंडातून निघूनही गेलं, "अहो बाबा, नुसतं बटण तर दाबायचं होतं! दुकानात दाबलंत ना?"

बाबा खाली मान घालून बसले. त्यांना लाज वाटत होती, आणि ती दिसत होती. तिनं मुकाट्यानं त्यांना उठवलं, धुतलं, कपडे बदलले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तिनं रिमोटवर लाल कागद चिकटवला, समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं. कशाचाही उपयोग झाला नाही. शेजारीणबाई दुपारी डोकावायच्या. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं, उठा काका, तर म्हणाले, आत्ता नाही निघता येणार."

त्या रविवारी ती खुर्चीपाशी जमिनीवर बसली. बाबांचे पाय मांडीवर घेतले आणि नखं कापता कापता, आवाज अगदी खाली आणून विचारलं, "बाबा, मी नसताना बटण का नाही दाबत?"

"तुझी आई यायचीय ना."

"म्हणजे?"

"मी तिला हाक मारली. म्हटलं, उठव गं मला. तर आतून म्हणाली, थांबा, आले." बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. "मग भांडं पडल्यासारखं वाजलं. आली नाही अजून. पण थांबा म्हणालीय ना."

धाकटीच्या हातातलं नेलकटर तसंच राहिलं. त्या दुपारचे शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकले. आईचे शेवटचे शब्द एवढेच होते, आणि एवढे दिवस ते या घरात नुसते पडून होते. कुणी विचारलंच नव्हतं.

"एकदा मोठे साहेब लिफ्टमध्ये उभे होते," बाबा सांगत होते. हे मात्र त्यांना लख्ख आठवत होतं. "घड्याळ बघतायत. आणि लांबून एक बाई ओरडली, थांबा. पोटुशी होती बिचारी, हातात फायली. साहेब म्हणाले, चल. म्हटलं, साहेब, बाई थांबा म्हणाल्यात. कुणी थांबा म्हटलं की दार लावायचं नाही. दार लावलं की माणूस मागे राहतो." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि तूही म्हणतेसच की रोज. येतेय, थांबा जरा."

मायेनं म्हणून जे रोज तोंडून जात होतं, त्यानंच तिनं बाबांना त्या खुर्चीत खिळवून ठेवलं होतं. इतकी मापं घेतली होती तिनं, आणि नेमकं हेच राहून गेलं होतं.

मग तिनं सांगितलं. नखांचा कचरा गोळा केला, हात धुतले, समोर स्टूल घेऊन बसली आणि सांगितलं, "बाबा, आई गेली. त्याच दुपारी गेली. ती आता येणार नाही."

बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग रडले. आवाज न करता, हनुवटी थरथरवत, तिचा हात घट्ट धरून. "मी इथं बसलो होतो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मी इथंच बसलो होतो गं." तीही रडली. कितीतरी वेळानं त्यांनी डोळे पुसले, रिमोट शोधला, आणि कुणी न सांगता बटण दाबलं. उभे राहिले. काठी घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी नुसते उभे राहिले.

त्या दिवशी ते स्वतः उठले, स्वतः बसले, स्वतः जेवले. सोमवारी सकाळी मात्र विचारलं, "तुझी आई कुठंय?" दिवसभर जे डोक्यात राहायचं ते रात्रीच्या झोपेत धुऊन जायचं. धाकटीनं पर्स खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि पुन्हा सांगितलं. बाबांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. पुन्हा तीच हनुवटी, पुन्हा तेच, "मी इथं बसलो होतो." ती कामावर गेली, आणि संध्याकाळी आली तेव्हा खुर्ची कोरडी होती, ताट रिकामं होतं आणि बाबा खिडकीशी उभे होते.

मग रोज तसंच. चहा, औषध, आणि नंतर आई गेल्याची बातमी. घर सोडायचं नसेल तर एवढं करायलाच हवं होतं. तिनं मन घट्ट केलं. रोज एका माणसाला रडवून ती साच्यांत मेण ओतायला जायची, आणि तिचे हात नीट चालायचे. याची तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

महिना भरला तसा थोरला आला. त्यानं बाबांना सबंध दुपार आपले आपण उठताना-बसताना पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हात टेकले बाई तुझ्यापुढं," तो म्हणाला. "जिंकलीस. राहू देत बाबा घरी." ही किमया कशी झाली ते त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "खुर्ची चांगली आहे." तो रात्रीच्या गाडीनं परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाबांना चहा दिला, औषध दिलं. स्टूल ओढलं. बाबांनी अजून काही विचारलंही नव्हतं. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. चहा अर्धा टाकून त्यांनी कप खाली ठेवला. कारण काही आठवत नव्हतं. पण रोज सकाळी या स्टुलावरून काहीतरी येतं, एवढं त्यांच्या अंगाला कळायला लागलं होतं.

"काय झालं गं?" त्यांनी घाबरून विचारलं. "तुझी आई बरी आहे ना?"

धाकटीचं तोंड उघडलं. रोजचे शब्द जिभेवर होते. ते तिनं गिळले.

"बरी आहे, बाबा," ती म्हणाली. "आत आहे. येतेय. थांबा जरा."

त्यांचा जीव भांड्यात पडला. खांदे सैल झाले, हनुवटी स्थिर झाली. मांडीवरचा रिमोट त्यांनी उचलला आणि बटणावर बोट पडू नये म्हणून उलटा करून ठेवला.

"थांबतो की," ते म्हणाले. "तिला म्हणावं, सावकाश ये. मी कुठं जातोय?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. दार लोटून घेतलं, आई पडली होती तिथं ओट्याला टेकून उभी राहिली आणि थोरल्याला फोन लावला. तो अजून गाडीतच होता.

"ती खोली घे," ती म्हणाली. "आणि आश्रमवाल्यांना विचार, खुर्ची बरोबर आणली तर चालेल का. बाबांच्या मापाची आहे."