फॉल लावलेली खोली

“अहो, हात आणखी वर. हां, तिथंच धरा. हलू नका.”

प्रकाशनं पाण्यानं भरलेली दोन लिटरची बाटली गाडीच्या वर उघडलेल्या मागच्या दाराला टेकवून धरली. शुभदानं बाटलीपासून त्याच्या पोटापर्यंत टेप लावला, आकडा पुटपुटला आणि टेप गळ्यात टाकला. क्लेमेंटीतल्या बहुमजली कार पार्कचा हा पाचवा मजला. गाडी त्यांची नव्हती, प्रकाशच्या ऑफिसातल्या विश्वासची होती. वर्षाखेरीला तो ती विकणार होता. “तोवर न्या कधीही,” तो म्हणाला होता, “फक्त कुठं भोक पाडू नका, वहिनी.”

बाजूच्या गाडीत बसायला निघालेल्या एका चिनी काकांनी खाली पसरलेलं कापड पाहिलं. “आंटी, यू ओपनिंग शॉप आह?”

“नो, अंकल. बेडरूम,” शुभदा म्हणाली. काका घाईघाईनं गाडीत बसले.

दोन वर्षांपूर्वी प्रकाशच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते. तेव्हापासून दिवसातून चार वेळा पोटात बसवलेल्या नळीतून जुनं पाणी काढायचं आणि उंचावर टांगलेल्या दोन लिटरच्या पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, हा त्याचा नेम. दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, घड्याळ लावून धुतलेले हात. एवढं करूनही पहिल्या वर्षी एकदा जंतू शिरलेच. पोटातून निघालेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं आणि अकरा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. त्यानंतर प्रकाशनं बेडरूमबाहेर एकही रात्र काढली नव्हती. कॉलेजात असताना सगळे किल्ले पालथे घालणारा, कुठल्याही देवळात पथारी पसरणारा हा माणूस. आता घरूनच ऑफिसचं काम करायचा आणि जेवताना लोकांच्या कॅम्परचे व्हिडिओ बघायचा. छत वर उचललं की गाडीची खोली होते, तसले. आपल्यालाही जायचंय असं म्हणणं त्यानं सोडून दिलं होतं, आणि शुभदाला त्याच्या आजारापेक्षा तेच जास्त बोचत होतं.

“कॅम्पर म्हणजे काय हो शेवटी?” एकदा ताटात भात वाढताना ती म्हणाली. “चाकं लावलेली मच्छरदाणी.”

बाई बोलून गप्प बसणाऱ्यातली नव्हती. बावीस वर्षं ती इथं परदेशात, फ्लॅटच्या स्टोअररूममध्ये मशीन मांडून फॉल-पिको आणि ब्लाउज शिवत होती. मरीन परेडच्या कॉन्डोतल्या मॅनेजरीणबाईंपासून युनिव्हर्सिटीतल्या पोरींपर्यंत साऱ्या मराठी बायकांच्या साड्या तिच्या हाताखालून गेलेल्या. तयार तंबूची किंमत बघून तिनं फोन उलटा ठेवला आणि रेनकोटच्या कापडाचे उरलेले तुकडे बाहेर काढले. कुणाचा टाकून दिलेला शॉवरचा पडदा, कुणाचं घडीचं अभ्यासाचं टेबल, असं एकेक घरी येऊ लागलं. मागचं दार उघडलं की त्याच्या कडेनं कापडाची खोली खाली सोडायची, आत मागची सीट पाडून गादी. भोक पाडायचं नव्हतं, म्हणून कापडाला वरून नेफा शिवला, त्यात जाड नाडी ओवली आणि ती उघड्या दाराभोवती करकचून आवळली.

“आई, धिस इज अ जायंट पेटिकोट, लाह!” त्यांची लेक ऋग्वेदा हसून लोळली.

“असू दे. इतकी वर्षं कुणाचा सुटलाय का माझ्या नाडीचा?”

क्लिनिकच्या सिस्टर लिम मात्र हसल्या नाहीत. शुभदानं काढलेलं चित्र त्यांनी दोनदा पाहिलं. बंद जागा, स्वच्छ हात आणि आत वारा नको, एवढं सांभाळलं तर गाडीतही चालेल, तासभर उशीर झाला तरी चालेल, असं त्यांनी सांगितलं. कार पार्कात शुभदानं सगळी रंगीत तालीम घेतली. कापड सरळ खाली पडलं. पिशवी आकड्यावर टांगली. प्रकाश आत स्टुलावर बसला आणि त्यानं मान डोलावली.

शनिवारी तिघं सीमा ओलांडून शेजारच्या देशात, देसारूच्या किनाऱ्यावर पोचली. समुद्रासमोर जागा मिळाली. पाच वाजता प्रकाशनं मास्क लावला, हात धुतले, आत बसला. आणि वारा सुटला.

कार पार्कात वारा कुठला असायला? इथं त्यानं कापड खालून उचललं आणि फुगवून थेट गाडीच्या टपावर नेऊन टाकलं. वाळू टेबलावर आली, प्रकाशच्या धुतलेल्या हातांवर आली. ऋग्वेदानं एक कोपरा धरला तर दुसरा उडाला. दगड ठेवले, तेही घरंगळले.

प्रकाशनं मास्क काढला. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

“शुभा, चल घरी,” तो म्हणाला. “तू खूप केलंस. आपलं आता नाही जमायचं हे.”

ते ‘आता’ ऐकून शुभदानं तोंड फिरवलं. समोर कापडाचा काठ फडफडत होता. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला.

“अगं बाई! फॉल!”

“व्हॉट फॉल? हू फेल?” ऋग्वेदा दचकली.

“फॉल लावायचा राहिला गं! जगाच्या साड्यांना लावते, आणि माझ्याच कापडाला विसरले. फॉल कशाला लावतात? खालचा काठ जड व्हावा, उडू नये म्हणूनच ना!”

शिवणाचा डबा तिच्या पर्समध्ये कायम असायचा, आणि त्यात राधिका नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या दोन साड्यांचे कोरे फॉल होते. तिनं ते दुहेरी दुमडून नळ्या केल्या, मोठे मोठे टाके घालत काठाला जोडायला सुरुवात केली आणि दुसरी सुई लेकीच्या हातात दिली. आयुष्यात बटणही न लावलेल्या ऋग्वेदानं आधी बोट टोचून घेतलं, मग जीभ दातात धरून टाके घातले. “अहो, बसू नका. बाटली कापा, नरसाळं करा, वाळू भरा!” प्रकाश उठला. गुडघ्यांवर बसून तो नळ्यांत वाळू भरू लागला, भरलेली नळी आपटून बघू लागला, “इथं पोकळ राहिलंय,” म्हणून ओरडूही लागला. दोन वर्षांत शुभदानं त्याचा असा चढा आवाज ऐकला नव्हता.

पावणेसहाला कापड पुन्हा खाली सोडलं. वाऱ्यानं धक्के मारले. कापड फुगलं, पण काठ जमिनीला चिकटून राहिला.

टेबल पुन्हा पुसलं गेलं. घड्याळ लावून हात धुतले गेले. आत गेलेल्या प्रकाशनं झिप लावली, आणि मायलेकी बाहेर वाळूत बसून राहिल्या. अर्धा तास गेला. मग आतून आवाज आला.

“शुभा, इथं लाटा ऐकू येतात गं.”

शुभदा रडली. अगदी उघड, नाक ओढत रडली, आणि लेकीनं तिला रडू दिलं.

रात्री तिघं अंगाला अंग लावून गाडीत झोपली. पहाटे प्रकाश सगळ्यांच्या आधी उठून पाण्यात घोट्यापर्यंत उभा होता. पँट दुमडलेली, हात कमरेवर. सूर्य वर येईपर्यंत शुभदानं त्याला हाक मारली नाही.

पण खरा निकाल अजून लागायचा होता. जंतू शिरले असतील तर दोन-तीन दिवसांत कळेल, असं सिस्टरनी बजावलं होतं. रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी सकाळी प्रकाशनं पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी शुभदाच्या हातात दिली आणि तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला. पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि पाण्यातून अक्षरं वाचता येतात का बघायचं, आली तर जंतू नाहीत, ही त्यांची परीक्षा. देसारूहून येताना केळ्याची भजी ज्यात बांधून आणली होती तो मलय पेपर हाताशी होता, तेलाचे डाग पडलेला. तिनं तो ओट्यावर पसरला, पिशवी वर ठेवली आणि चष्मा लावला.

तिला मलय येत नव्हतं. पण लिपी इंग्रजीचीच होती, म्हणून तिनं पहिली ओळ मोठ्यानं वाचली, एकेक अक्षर लावत. मग दुसरी वाचली.

“आई, दॅट्स जस्ट फिश प्राइस, लाह,” दप्तर भरता भरता ऋग्वेदा म्हणाली.

प्रकाश खिडकीपाशीच उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

“वाच,” तो म्हणाला. “पुढचं वाच.”