फाइलीची लांबी

शेषगिरीने एंटर दाबलं आणि जुन्या काँप्युटरवरच्या फाइली नव्यावर उतरू लागल्या. यंत्रं दोन कंपन्यांची, एकमेकांची भाषा न कळणारी. म्हणून दोन्हींवर चालेल अशी बारा ओळींची साधी स्क्रिप्ट त्याने लिहिली होती. फाइल न उघडता, आतलं काही न बदलता ती बाइटमागून बाइट उतरवायची आणि शेवटी लांबी छापायची. इस्पितळातल्या रोग्यांच्या हृदयाच्या नोंदी होत्या त्या. सेकंदाला पाचशे बाइट. रोगी आत आणला की नोंद सुरू, ठोके थांबले की बंद.

जुनं यंत्र आज भंगारात जायचं होतं. डॉक्टर कृष्णमूर्तींचाही आज नोकरीचा शेवटचा दिवस.

पडद्यावर पुढच्या रोग्याचा नंबर आला आणि शेषगिरीचा हात थबकला. चार वर्षांपूर्वी, त्र्याण्णव साली, तुंगाच्या कागदांवर हाच नंबर होता.

तुंगा त्याची बायको. तिला याच इस्पितळात आणताच तसा फोन त्याच्या होसकोटेच्या कारखान्यात आला, तेव्हा दुसऱ्या पाळीचा माणूस येईपर्यंत तो अर्धा तास थांबला होता. मग पाऊण तासाचा रस्ता. हेच डॉक्टर दारातच भेटले. खांद्यावर हात ठेवून घरच्या मराठीत म्हणाले, "आणल्या आणल्या गेली रे. उडत आला असतास तरी गाठ पडली नसती." त्या एका वाक्याच्या आधारावर तो चार वर्षं झोपत आला होता.

लांबी छापली गेली. चौदा लाख दहा हजार.

त्याने पेन्सिल घेतली. पाचशेने भागलं, मग साठने. सत्तेचाळीस मिनिटं. पुन्हा भागलं. तेवढीच.

थांबला नसता, तर पंचेचाळिसाव्या मिनिटाला तो तिच्या उशाशी असता.

मागे पावलं वाजली.

"झालं का रे सगळं?" डॉक्टर दाराच्या चौकटीला धरून उभे होते. पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होते.

"झालं, डॉक्टर. एक बाइट इकडचा तिकडे नाही."

"त्या फाइली... उघडून बघाव्या लागतात?"

शेषगिरीने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"नाही. आत काय आहे ते कळतच नाही. नुसतं उतरवायचं."

"सरी, बरं," डॉक्टर म्हणाले. पण ते जागचे हलले नाहीत.

शेषगिरीने उठून आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

"बसा स्वल्प. कॉफी सांगतो."