खिडकीपाशी ओढलेला बाक

दम्मामच्या त्या स्टुडिओत कॅमेरा एक, तिवई एक, विजेचे मोठे दिवे तीन, भिंतीवरचे पडदे दोन, लाकडी बाक एक आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी एक. माणसे दोन: फोटोग्राफर इब्राहीमभाई आणि त्यांची बायको रुकय्या. आणि इब्राहीमभाईंच्या गळ्यातल्या काळ्या दोरीला लटकणारा मी. मित्रांनो, मी एक जुना प्रकाशमापक आहे.

माझा आकार साबणाच्या वडीएवढा. पोटात सेलेनियम नावाच्या मूलद्रव्याचा पातळ थर आहे. त्यावर उजेड पडला की वीज तयार होते, ती वीज एक बारीक सुई हलवते आणि सुई आकड्यावर थांबते. मला सेल लागत नाही, किल्ली लागत नाही. माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे पहिल्यांदा माझ्यावर दिवा धरला तेव्हा माझी सुई आपोआप उठली. त्या क्षणाचे आश्चर्य आजही माझ्या मनातून गेलेले नाही. ज्याला वजन नाही, जो हातात धरता येत नाही, तो उजेड येतो आणि धातूची सुई ढकलतो!

माझ्या आकड्यांची एक गंमत सांगतो. आकडा एकाने उतरला की उजेड निम्मा झालेला असतो. दहावरून नऊवर आलो तर निम्मा, आठवर आलो तर पाव.

इब्राहीमभाई मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, श्रीवर्धनजवळचे. एका परदेशी कंपनीच्या वसाहतीत, फाटकाच्या आत, त्यांचे दुकान होते. उजेड मोजण्याची त्यांची एक पद्धत होती आणि ती मला फार आवडे. पुष्कळ फोटोग्राफर कॅमेऱ्यापाशी उभे राहून मापक माणसावर रोखतात. मग पांढरा शुभ्र थोब घातलेला अरब समोर असला की मापक त्या पांढऱ्याला फसतो आणि फोटोत बिचाऱ्याचा चेहरा काळा येतो. काळा अबाया, म्हणजे बुरखा घातलेली बाई असली तर उलटे होते. इब्राहीमभाई असे करत नसत. ते माझ्या डोळ्यावर छोटी पांढरी घुमटी बसवत, चालत गिऱ्हाइकापाशी जात, मला त्याच्या हनुवटीखाली धरत आणि माझे तोंड कॅमेऱ्याकडे वळवत. मग मला कपडे दिसत नसत, कातडीचा रंग दिसत नसे. त्या चेहऱ्यावर किती उजेड येऊन पडतो, तेवढेच मी सांगत असे. सुदानचा माळी असो की हॉलंडचा इंजिनिअर, फोटो नितळ येई. लोक म्हणत, "इब्राहीमभाईंच्या हातात जादू आहे." तेव्हा ते मला टिचकी मारून म्हणत, "हातात नाही, गळ्यात आहे."

बायकांचे फोटो पडद्याआड रुकय्या काढी. निगेटिव्हवरचे ठिपके बारीक कुंचल्याने पुसण्याचे कामही तिचेच. तिचे टेबल दुकानाच्या बरोबर मध्ये होते.

दारावर वसाहतीच्या मॅनेजरने एक पाटी लावली होती. तिच्यावर दोन ओळी होत्या. पहिली अशी: वसाहतीचे ओळखपत्र असलेल्या कोणालाही भेदभाव न करता सेवा द्यावी. दुसरी अशी: कोणाही दुकानदाराला त्याच्या धर्माविरुद्ध काम करण्याची सक्ती होणार नाही. इब्राहीमभाईंना दोन्ही ओळी मान्य होत्या. एकदा एक गोरा साहेब घरी गाळलेल्या दारूच्या बाटल्या मांडून त्यांचा फोटो मागायला आला, तेव्हा त्यांनी हसून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले होते. साहेबही हसून परत गेला. या दोन ओळी कधी समोरासमोर येतील असे त्यांना वाटले नव्हते. मला तर मुळीच नाही.

मग कुवेतचे युद्ध आले. बॉम्बच्या हादऱ्याने फुटून उडू नये म्हणून खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या आल्या. गावात रेडिओसाठी सगळ्यांनी सेल घेऊन ठेवले आणि आमच्या हातातल्या फ्लॅशला एकही सेल उरला नाही. पुढे युद्ध थांबले, पण उत्तरेला कुवेतमधल्या तेलविहिरी पेटलेल्याच राहिल्या. वारा आमच्या दिशेने वळला की धूर येई.

त्या दिवशी भरदुपारी धूर आला. मित्रांनो, मी आयुष्यभर सूर्य मोजला आहे, पण असे कधी पाहिले नाही. सूर्य तांब्याच्या पैशासारखा लाल झाला आणि मग दिसेनासा झाला. रस्त्यावरच्या गाड्यांनी दिवे लावले. कबुतरे संध्याकाळ समजून छज्ज्यावर जाऊन बसली. कोट्यवधी मैलांवरून न थकता येणारा उजेड शेवटच्या थोड्याशा धुरात अडकला होता. इब्राहीमभाईंनी खिडकीत मला वर धरले आणि सुई बघून ते पुटपुटले, "सुबहानल्ला."

तेवढ्यात सदानंद आणि श्यामकांत आत आले. दोघे कंपनीत नकाशे काढत, एकाच क्वार्टरमध्ये राहत. इब्राहीमभाई त्यांना कित्येक वर्षे ओळखत होते.

"या या! भरदुपारी रात्र घेऊन आलात की," इब्राहीमभाई म्हणाले.

"आमचं इथलं खलास, इब्राहीमभाई," श्यामकांत म्हणाला. "मला फायनल एक्झिट, कायमचं घरी. आजचं विमान. याला राबिघच्या रिफायनरीत पाठवतायत, पार लाल समुद्राकडं. दोघांचा एकत्र फोटो काढा. एक कॉपी याला, एक मला गावाकडे पाठवा."

स्टुडिओची एक रीत होती. मित्रमित्र आले की बर्फाच्या डोंगराच्या पडद्यासमोर उभे राहत, खांद्यावर हात टाकून. नवरा-बायको, मुलेबाळे आली की निळ्या साध्या पडद्यासमोर बाकावर बसत. इब्राहीमभाईंनी डोंगराकडे हात केला.

"तिकडं नको," सदानंद म्हणाला. "आम्हांला बाकावर बसायचंय."

"बाक फॅमिलीसाठी."

"म्हणूनच."

रुकय्याचा कुंचला थांबला.

इब्राहीमभाई दारापर्यंत गेले, बाहेर कोणी नाही ना बघितले आणि दार लावून घेतले. "हे मला कशाला सांगितलंत? इथं असली गोष्ट भिंतीलासुद्धा सांगत नाहीत. कुणी ऐकलं तर तुम्ही विमानात नाही, जेलमध्ये जाल. उभे राहा त्या डोंगरापुढं, दोन मिनिटांत काढून देतो. काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर बाकावर बसू द्या."

"मला पडतो. माझ्या दीनात, धर्मात ते बसत नाही, सदानंदराव. तुमचा एकेकट्याचा फोटो हजार वेळा काढीन. तुमच्याबद्दल तोंडातून एक शब्द बाहेर जाणार नाही, अल्लाची शपथ. पण दोघांना नवरा-बायकोच्या जागी बसवून माझ्या हातानं बटण दाबायचं, ते होणार नाही."

"दारावर पाटी आहे," श्यामकांत म्हणाला.

"पाटीला दुसरी ओळ पण आहे."

"राहू दे रे, श्याम," सदानंद म्हणाला. "पाटीच्या जोरावर काढला तर तो फोटो मलाच बघवायचा नाही."

"मग माझा पासपोर्टचा फोटो घे, काप आणि तुझ्या शेजारी चिकटव," श्यामकांत म्हणाला. तो हसला, पण दुसरे कोणी हसले नाही.

"अवो," रुकय्या म्हणाली, "त्या बाटल्यांचा फोटो काढला नाहीत ते बरं केलंत. पण बाटल्या घरी जाऊन रडत नाहीत."

"तू मध्ये पडू नको."

"माझं टेबलच मध्ये आहे. आता कुठं जाऊ?"

इब्राहीमभाई बराच वेळ माझ्या घुमटीवर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "असं करू. दिवे मी लावतो, माप मी घेतो, कॅमेरा मी बसवतो. टायमर तुम्ही दाबा आणि जाऊन बसा. मी आतल्या खोलीत जातो."

"साऱ्या वसाहतीचा फोटो तुम्ही काढता. आमचा मात्र आम्हीच काढायचा," सदानंद म्हणाला.

श्यामकांतने घड्याळ बघितले आणि त्याच्या दंडाला हात लावला. "होऊ दे, सदा. फोटो तर होईल."

सदानंदने मान हलवली. इब्राहीमभाईंनी तीन दिवे लावले, कॅमेरा तिवईवर चढवला. आणि वीज गेली.

थोडा वेळ सगळे थांबले. वीज आली नाही. विमान थांबणार नव्हते. बाहेर रस्त्यावर कॅमेरा काढायचा तर त्या दिवसांत पोलिसांनी उचलून नेले असते. उरली ती फुल्यांची खिडकी. निळ्या पडद्यापाशी माझी सुई जागची उठली नाही. इब्राहीमभाई मला खिडकीजवळ घेऊन गेले. एरवी दुपारी तिथे मी दहा दाखवतो. त्या दिवशी मी दोनवर थांबलो. दोनच्या खाली मला वाचताच येत नाही. दहावरून दोनवर म्हणजे आठ वेळा निम्मे. नेहमीच्या उजेडाच्या दोनशे छप्पन्न भागांतला एक भाग खिडकीतून आत येत होता. एवढा थोडा, आणि तरी तो सुई उचलत होता.

इब्राहीमभाईंनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "चार सेकंद. टायमरवर शटर एका सेकंदाच्या पुढं उघडं राहत नाही. ते उघडं ठेवायला शटरची केबल दाबून धरायला लागेल. कुणीतरी धरायला लागेल."

रुकय्या उठली. "द्या इकडं. मी धरते."

तिने हात पुढे केला. इब्राहीमभाईंनी केबल तिच्या हाताजवळ नेली. पण सोडली नाही.

"तुझ्यावर ढकलून मी कुठं सुटतो?" ते हळूच म्हणाले. "मघाशी टायमरवर ढकलत होतो. आता तुझ्यावर."

त्यांनी केबल तिवईवर टांगली आणि खिडकीबाहेर बघितले. छतावर काजळी पडत असावी.

"सदानंदराव," इब्राहीमभाई म्हणाले, "बाक जड आहे. एका बाजूनं धरा. खिडकीपाशी ओढू."

बाक फरशीवर करकरत खिडकीपाशी आला. दोघे बसले. श्यामकांतने सदानंदची कॉलर सरळ केली. इब्राहीमभाई त्यांच्यापाशी आले, आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या हनुवटीखाली त्यांनी मला धरले, कॅमेऱ्याकडे तोंड करून.

"मला हे पटलेलं नाही," ते म्हणाले. "वर विचारतील तेव्हा मी सांगेन, हात माझा होता."

"पटवायला आलोच नव्हतो," सदानंद म्हणाला. "फोटो काढायला आलोय."

"मग हलू नका. श्वास धरा. रुकय्या, तू तिवईच्या जवळपास पाऊलसुद्धा टाकू नको."

त्यांनी केबल दाबली. मी त्यांच्या छातीवर होतो. त्यांनीही श्वास धरला होता, कारण मी जरासुद्धा वरखाली झालो नाही. समोर दोन माणसे, बाहेर काळी दुपार, आणि चिमूटभर उजेड भिंगातून आत जाऊन फिल्मवर साठत होता. मित्रांनो, मी हजारो फोटोंचा उजेड मोजला. इतका सावकाश, इतका काटकसरीने येणारा उजेड मी पुन्हा पाहिला नाही.

दोघे गेले. दुसऱ्या दिवशी वीज आली. इब्राहीमभाईंनी निगेटिव्ह धुतली, वाळवली, काचेच्या टेबलावर ठेवली आणि आकड्यांच्या रेघा असलेले भिंग डोळ्याला लावले. इतका वेळ उघडा राहिलेला कॅमेरा केसभर थरथरला तरी कडा पसरतात. त्यांनी सदानंदच्या पापणीची कड मोजली, मग श्यामकांतच्या. रुकय्या शेजारी येऊन उभी राहिली.

"किती?" तिने विचारले.

त्यांनी भिंग तिच्या हातात दिले. तिने दोन्ही कडा पुन्हा मोजल्या. दोन्ही ठिकाणी कडेची जाडी मिलिमीटरचा विसावा भाग होती, दिव्यांच्या उजेडातल्या फोटोत असते तेवढीच.