रघुपतीचा रविवारचा उपवास

माणसाने खोटं बोलू नये, आणि देवाच्या नावावर तर मुळीच बोलू नये, हे रघुपतीचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. ते रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, जयनगरातल्या एका तिसऱ्या मजल्यावर, तळलेल्या पुडाच्या वड्या समोर येताच निकालात निघालं.

पोट शनिवारीच बिघडलं होतं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्याच्या कारखान्यात एका सहकाऱ्याचा निरोपसमारंभ होता, आणि रघुपतीने आग्रहाखातर आठ मिरची भजी खाल्ली. आग्रह दोनचाच होता. पहाटेपासून तो सहा वेळा जाऊन आला होता. सातव्यांदा तर नुसता बसून राहिला, उठायचा कंटाळा आला म्हणून.

"तिथं पोटाचं नाव काढायचं नाही," बायको अहल्येने मीठसाखरेचं पाणी देत बजावलं. "पहिली भेट. मुलीच्या सासरी काय जुलाबाच्या गोष्टी सांगणार? स्वल्प सांभाळून घ्या."

"सरी," रघुपतीने कानडीत होकार दिला. वाद घालायला लागणारं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

सासर अजून व्हायचं होतं. आर्याने स्वतःच पसंत केलेला श्रीरंग मूळचा नागपूरचा. नोकरीसाठी इकडे आला, मागोमाग आईवडीलही आले. होकार आईचा, म्हणजे स्मिताबाईंचा, बाकी होता. पाहुणा नीट जेवला नाही तर त्याच्या मनात काहीतरी आहे, असं त्यांचं ठाम मत असल्याचं आर्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

स्मिताबाईंनी वड्या टेबलाच्या मधोमध ठेवल्या. "घ्या ना जी सगळे. आणि रघुपतीराव, तुम्हाला मी—"

"माझा उपवास आहे," रघुपती म्हणाला.

सत्तावीस वर्षं त्याच्यासोबत संसार केलेल्या अहल्येने त्याच्याकडे नव्याने पाहिलं.

"आज कशाचा?" श्रीरंगचे वडील प्रतापराव म्हणाले.

"खंडोबाचा. रविवारचा."

"वा! आजकाल कोण पाळते जी!" प्रतापरावांनी बसल्या जागी हात जोडले.

"बाबा, अहो—" आर्या म्हणाली. अहल्येने टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"त्रास घेऊ नका. एखादं केळं असलं तर पुरे," रघुपती म्हणाला, आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला. मऊ भात, वरणाचं पाणी, कोरडा टोस्ट, पोटाला जे जे चाललं असतं ते ते त्याने एका वाक्यात स्वतःच बंद करून टाकलं होतं. राहिलं होतं केळं.

"नुसत्या केळ्यावर पाठवू का व्याह्यांना?" स्मिताबाई म्हणाल्या.

व्याही! आर्याचा चेहरा उजळला. त्या चेहऱ्याने रघुपतीचे परतीचे दोर कापून टाकले.

घरात साबुदाणा भिजवलेला होता. अशा वेळी तो असतोच. अर्ध्या तासात खिचडी आली. दाण्याचं कूट, तुपाचा चमचा आणि मिरच्या, रघुपतीने मोजल्या त्या नऊ. सोबत तळलेला बटाट्याचा कीस. बाकीचे वडाभात खात होते. त्यातला नुसता भात तो बघत राहिला.

"मिरची चालते ना जी उपवासाला?"

"चालते," रघुपती म्हणाला. दुसऱ्यांदा वाढलं तेव्हाही चालली.

पुढच्या तासात त्याने चार वेळा हात धुवायला परवानगी मागितली. तिसऱ्या वेळी प्रतापरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

निघताना स्मिताबाईंनी अहल्येला कुंकू लावलं. "पुढच्या रविवारी या, तारीख काढू. रघुपतीरावांची खिचडी असेलच."

बसवनगुडीला घरी परतताना रिक्षात रघुपती डोळे मिटून बसला. रिक्षावाला प्रत्येक खड्ड्याची विचारपूस करत चालला होता.

"बाबा," आर्या हळूच म्हणाली, "तुमचं पोट बिघडलंय हे मी श्रीरंगला सकाळीच सांगितलं होतं. आई ओरडेल म्हणून घरी बोलले नाही. त्याच्या आईंनी तुमच्यासाठी मऊ भात केला होता. मेतकूट घालून."

रघुपतीने डोळे उघडले. "मग वाढला का नाही?"

"उपवासाला भात कसा वाढतील? आणि त्यांना वाटलं, उपवास धरलाय म्हणजे पोट बरं झालं असेल."

सिग्नलला रिक्षा थांबली.

"मग तो भात?"

"फ्रिजमध्ये आहे," आर्या म्हणाली.