सीचं शेपूट

मामांनी गाण्याच्या कागदावर गिटारसाठी कधी साधा सी कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे दोन-तीन सूर, लिहिला, तर शपथ! सीच्या मागे सात, नऊ, वर चढवलेला अकरा, कंसात आणखी काहीबाही. अक्षर एवढंसं आणि शेपूट मारुतीचं.

त्यांच्या वाद्यवृंदात गिटार भाचा वाजवायचा. तो पहिलं अक्षर तेवढं वाचायचा आणि साधा सी छेडून मोकळा व्हायचा. मामा डोळे मिटून मान डोलवायचे. "बघा, माझं लिखाण वाचता येणारा घरातच निघाला!" असं सगळ्यांना ऐकवायचे.

ते कौतुक ऐकून ऐकून भाच्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तो हट्टाने बसला आणि कोणता आकडा कॉर्डमध्ये कोणता जादा सूर मागतो, ते शिकला. पुढच्या तालमीत त्याने शेपटासकट सगळं वाजवलं.

पहिल्याच ओळीला मामा कडाडले, "कोण भलतंसलतं वाजवतंय?"

"मामा, तुम्ही लिहिलंय तेच वाजवतोय. आकड्यांसकट."

मामांनी कागद नाकाशी धरला, मग भाच्याकडे रोखून पाहिलं.

"गाढवा, ते काय वाजवायला लिहिलंय? मला येतं म्हणून लिहिलंय!"