बॅग कुणी भरली?

वडगावातल्या विणकरांच्या गल्लीत बायाक्काच्या हातच्या गाठीला तोड नव्हती. तिनं घडी घालून गठ्ठ्यात बांधलेली साडी बसच्या टपावरून पुण्याला गेली तरी तिला सुरकुती म्हणून पडत नसे. गठ्ठ्यावर नाव अर्थातच पेठेतल्या व्यापाऱ्याचं छापलेलं असायचं. पुढं हातमाग गेले, यंत्रमाग आले, गल्लीतली पोरं बेंगळूरला आणि दुबईला नोकरीला लागली, तशी साड्यांचे गठ्ठे बांधणारी बायाक्का त्या पोरांच्या बॅगा भरू लागली. स्वतः ती कोल्हापूरच्या पलीकडं गेलेली नव्हती. पण चटणी कुठं ठेवायची आणि इस्त्रीचा शर्ट कुठं, हे तिला विचारल्याशिवाय गल्लीतलं पोरगं घर सोडत नसे. बॅग भरून झाली की ती वरून एक चापट मारायची. मग त्या बॅगेकडं पुन्हा कुणी बघायचं नाही.

अशा सासूच्या घरात मनिषा निपाणीहून सून म्हणून आली. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव, आणि तिथं तंबाखू पोत्यात तुडवून भरतात, एवढं एकच ज्ञान बायाक्काला निपाणीविषयी होतं. पण ते तिला जन्मभर पुरणार होतं. मनिषानं डब्यात चपात्या भरल्या काय, कपाटात साड्या लावल्या काय, सासूचं वाक्य ठरलेलं. "निपाणीवाल्यांचं भरणं हे. तुडवा आनि तोंड शिवा." नावानं हाक मारायचा तर प्रश्नच नव्हता. "ए निपाणी, च्या टाक." निपाणीत माणसंही राहतात हो, असं मनिषाच्या ओठांवर यायचं, पण चहाबरोबर ती ते गिळून टाकायची.

त्यात गेल्या वर्षीचं लोणचं. बायाक्का सौंदत्तीला देवीला गेली होती आणि नेमका त्याच वेळी तिचा भाचा आदर्श विमानानं नोकरीवर निघाला. मनिषानं हौसेनं त्याची बॅग भरली. लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून तिनं ती त्याच्या हातातल्या बॅगेत ठेवली. तपासणीच्या ठिकाणी ती निघाली आणि तेलासकट कचऱ्याच्या टोपलीत गेली. आदर्शनं फोन करून हे सगळ्या गल्लीला सांगितलं. तेव्हापासून समोरच्या घरातली जयाबाई मनिषा दिसली की विचारायची, "काय गं, लोणचं मुरलं काय?"

आणि आता खुद्द बायाक्कालाच विमानात बसायचं होतं. तिची लेक करिष्मा हैदराबादला असते. बाळंतपण जवळ आलेलं आणि डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केलेली. लेकीला माहेरी येता येईना, म्हणून माहेरानंच तिकडं जायचं ठरलं. नागराजनं आईचं तिकीट काढलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बायाक्का मोरीत घसरली, उजवं मनगट मोडलं. बॅग भरायच्या वेळेपर्यंत प्लास्टर निघालं होतं, पण त्या हातात ताकद अशी राहिली नव्हती. ज्या हातानं जगाच्या गाठी मारल्या, त्याला साधं पिशवीचं तोंड बांधता येईना.

"मग भरणार कोन?" असं बायाक्कानं विचारलं खरं, पण घरात दुसरं होतं कोण?

बायाक्का पाट घेऊन समोर बसली. "हे बघ निपाणी. मी भरलेली कुनाची बॅग आजपातुर उघडली न्हाय. माझी जर तितं चारचौघांत उघडली न्हवं, तर मी परत येऊन तोंड दावणार न्हाय. आनि तूबी दावू नकोस."

त्या दिवशी मनिषानं मनाशी खूणगाठ बांधली. बॅग उघडता कामा नये. लोणचं एकदा मुरलं तेवढं बस झालं. विमानातून जाऊन आलेल्या प्रत्येकाला तिनं गाठून गाठून विचारलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, विमान कंपनीच्या ऑफिसला फोन लावून त्या माणसाला हैराण केलं. काय हातात न्यायचं, काय खाली मोठ्या बॅगेत द्यायचं, काय मुळीच न्यायचं नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

पहिली ठिणगी खोबऱ्यावरून पडली.

"करिष्माला लेकरू झाल्यावर ओटी भरायची हाय," बायाक्का म्हणाली. "खोबऱ्याच्या वाट्या ठेव."

"सुकं खोबरं चालत न्हाय आत्या. तेल असतंय, पेट घेतंय म्हणत्यात."

"खोबरं पेट घेतंय? मग चुलीत आमी लाकडं कशाला घातली गं इतकी वर्सं?"

"कापूरबी न्हाय, काडीपेटीबी न्हाय."

"मग मला तरी नेत्यात न्हवं?"

मनिषाला हसू आलं, पण ती बधली नाही. तिनं वाट्या उचलल्या, किसल्या, मंद आचेवर भाजल्या आणि डिंकाच्या लाडवात घातल्या. "आता जातंय बघा खोबरं," ती म्हणाली. बायाक्कानं एक लाडू फोडून बघितला आणि तोंडात टाकला. चांगला झाला असं काही ती म्हणाली नाही, पण दुसराही खाल्ला.

मग बॅग. तळाला जाड चादर. तिच्यावर मधोमध सहाण, बाळाची गुटी उगाळायचा तो दगड. वजनाची वस्तू कडेला गेली तर बॅग कलंडते. सहाणेभोवती जुन्या धोतराची मऊ दुपटी. तुपाचा डबा झाकण मेण लावून बंद केलेला, पिशवीत, पुन्हा पिशवीत. गुटीची मुळं वेगळ्या डबीत. लाडवांचा डबा दुपट्यांवर, म्हणजे दणका बसला तरी भुगा होणार नाही. सगळ्यात वर बाळाची कुंची. बायाक्कानं स्वतः मागावर विणलेल्या शेवटच्या साडीतून मनिषानंच ती शिवली होती. हे सगळं ती रचत होती आणि सासू पाटावर गप्प बसून बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं. तिचं ते गप्प बसणं मनिषाला जास्त झोंबत होतं. शेवटी चेन लागली तेव्हा मनिषानं वाट बघितली, पण बायाक्कानं बॅगेवर चापट मारली नाही. उठून पाणी प्यायला गेली.

मग विमानतळावरच्या तपासणीची रंगीत तालीम झाली. सोप्यात दोन खुर्च्यांची कमान केली. मनिषा पोलीस झाली. हातात लाटणं घेतलं आणि पुढं सूप ठेवलं. "मोबाइल सुपात ठेवा. पिना काढा." बायाक्काच्या बांगड्यांत पिनांचा जुडगा अडकवलेला असायचा, तो सुटून सुपात पडला. मनिषानं लाटणं तिच्या अंगाभोवती फिरवलं. नागराज दारात उभा राहून खो खो हसत होता.

"हसतोस काय रं? आईवर लाटणं उगारलंय तुझ्या बायकोनं," बायाक्का हात पसरून उभ्या उभ्याच कडाडली.

"आता इकडं बघा," मनिषा म्हणाली. "सामान घेणारी बाई इच्यारणार, बॅग कुणी भरली?"

"तू."

"तसं न्हाय. मीच भरली म्हणायचं. दुसऱ्यानं भरली म्हटलं की त्यांना शंका येती, मग उघडत्यात."

बायाक्कानं काढा घेतल्यासारखं तोंड केलं. "मीच भरली," ती म्हणाली.

सांबऱ्याच्या विमानतळावर दुपारी तिघं पोचली. बायाक्का शहापुरी साडीत, पिना घरी ठेवून आलेली, तिकीट मुठीत घट्ट. दारातल्या शिपायानं तिला एकटीला आत घेतलं. नागराज गाडी लावायला गेला आणि मनिषा बाहेरच्या काचेला नाक लावून उभी राहिली. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. सामानाच्या काउंटरवरच्या मुलीनं काहीतरी विचारलं. बायाक्कानं उत्तर दिलं. मुलीनं पुन्हा विचारलं. बायाक्कानं पुन्हा उत्तर दिलं, या वेळी चांगलं लांबलचक. मुलीनं कुणाला तरी बोलावलं. एक अधिकारी आला आणि बॅग बाजूच्या टेबलावर गेली.

आणि चेन उघडली.

कुंची बाहेर आली. लाडवांचा डबा आला, दुपटी एकेक करून आली, तुपाचा डबा, सहाण. रांगेतली माणसं माना उंच करून बघत होती. काय राहिलं असेल? मेणाचं काही असेल का? की त्या मुळांचं? मनिषा आठवून आठवून थकली. तेवढ्यात बायाक्कानं तो कच्चा उजवा हात उचलला आणि थेट काचेकडं बोट केलं. अधिकारी आणि ती मुलगी, दोघांनी वळून मनिषाकडं पाहिलं.

मनिषा खांबाआड झाली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पदरानं पुसलं. एवढं करूनही शेवटी तिचंच नाव सांगितलं सासूनं. नागराज आला, त्यानं विचारलं, "काय झालं गं?"

"उघडली," ती म्हणाली. तो तिच्या जवळ उभा राहिला.

थोड्या वेळानं फोन वाजला. बायाक्का फोनवर नेहमी आवाज हैदराबादपर्यंत फोनशिवायच पोचेल अशी बोलायची.

"उघडली गं बॅग!"

"बघितलं आत्या. काय घावलं त्यांना?"

"काय घावतंय? काय न्हाय घावलं. त्या पोरीनं इच्यारलं, बॅग कुणी भरली. मी म्हटलं, सुनंनं."

"अवो आत्या! मी काय शिकीवलं हुतं? मीच भरली म्हणायचं हुतं न्हवं?"

"म्हणणार हुतो गं. तोंडाशी आलतं. न्हाय म्हणवलं. जल्मभर साड्या आमी इणल्या, आनि गठ्ठ्यावर नाव दुकानदाराचं. कसं लागतंय ते मला ठावं हाय. तू भरलीस आनि नाव माझं लावू व्हय? उघडली तर उघडू दे."

मनिषा खांबाआडून पुन्हा काचेशी आली.

"आनि आईक. त्यांनी परत भरली तर बंदच हुईना! तो सायेब वरनं दाबतोय, ती पोरगी चेन वढत्या. मी म्हटलं, बाजूला व्हा. माझ्या सुनंनं भरली तशी भरा. आदी दगड मधी, मग दुपटी भवतीनं, तूप हिकडच्या अंगाला. सगळं सांगितलं बग मी. गपकन बसली! पोरीनं नाव इच्यारलं तुजं. काचंतनं दावलं तुला, तर तू कुटं पळालीस? म्हटलं, मनिषा नाव हाय तिचं. निपाणीची हाय, भरण्यात कुनाला ऐकायची न्हाय." मागून कसलीतरी घोषणा झाली. "ठेवू काय? मला आता लाटण्यावाल्या बाईकडं जायचं हाय."

फोन ठेवला गेला तरी मनिषा तो कानाला धरूनच उभी होती. पाटावर गप्प बसलेली ती म्हातारी एकेक दुपटं मनात साठवत होती तर. सासूविषयी आजवर मनात धरलेलं सगळं तिला त्या घडीला फार हलकं वाटलं, आणि या बाईच्या घरात आपण आलो याचा तिला सरळसरळ अभिमान वाटला. गाडीत ती रडली आणि मग हसली. नागराजनं बापड्यानं दोन्ही वेळा मान हलवली.

गल्लीच्या तोंडाशी जयाबाई वाटच बघत होती. गाडी थांबायच्या आत ती खिडकीशी आली.

"काय गं मनिषा, नीट गेली न्हवं बायाक्का? बॅग तर उघडली न्हाय न्हवं?"

"उघडली की आक्का," मनिषा म्हणाली. "सगळ्यांच्या म्होरं उघडली."