नाव न घेता

"...आणि हे प्रभू, नाव न घेता मी आमच्या एका बहिणीला तुझ्यापुढे ठेवतो. वाफेच्या खोलीत ती तुझी सेवा करते. तिच्यापुढच्या मोठ्या निर्णयात तिला बळ दे."

"आमेन," सगळे म्हणाले. सवयीने शिट्टीही म्हणाली. मग तिने डोळे उघडले.

मिशनच्या दवाखान्यात वाफेची खोली एकच होती. त्या खोलीत काम करणारी बाईही एकच होती, शिट्टी. ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांनी नाव घेतलं नव्हतं, पत्ता मात्र दारावरच्या पाटीसकट सांगितला होता.

आणि शिट्टीपुढे तर कसलाच निर्णय नव्हता. उद्या शस्त्रक्रियेसाठी किती गठ्ठे लावायचे, एवढाच काय तो.

शस्त्रक्रियेची कापडं आणि हत्यारं दुहेरी कापडात बांधायची, त्यावर पट्टी चिकटवायची, पट्टीवर सही करायची आणि गठ्ठा निर्जंतुक व्हायला वाफेच्या यंत्रात घालायचा, हे तिचं काम. वाफ नीट लागली की पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. वाफ सोडताना यंत्र शिट्टी घालायचं आणि कोणी कामात हयगय केली की बाईही घालायची, म्हणून हे नाव. तोंडावर 'ताई', पाठीमागे 'शिट्टी'. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

आता या आवाराबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगतो. इथे चहाड्या कोणी करत नाही. चहाडी पाप आहे. इथे प्रार्थना करतात. बाहेरच्या जगात जे 'कळलं का गं?' म्हणून सुरू होतं, ते इथे 'प्रार्थनेत आठवण ठेवा हं' म्हणून सुरू होतं आणि दोन्ही सारखंच पळतं. फरक इतकाच, की चहाडी करणाऱ्याला रात्री थोडी तरी टोचणी लागते. प्रार्थना करणारा गाढ झोपतो.

बुधवारची ती प्रार्थनासभा संपल्यावर तिघींनी शिट्टीचा हात दाबला. एकीने तर डोळेही पुसले. घरी पोचेपर्यंत दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून झाकण लावलेलं सूप येऊन पडलं होतं. सासूबाई दारात बसून ते पीत होत्या.

"तुझ्यासाठी आलंय," त्या म्हणाल्या, "पण तू धडधाकट दिसतेस. वाया कशाला घालवा?"

सकाळी मात्र गंमत संपली.

वाफेच्या खोलीला शस्त्रक्रियेच्या खोलीत उघडणारी एक खिडकी होती. शिट्टी तिथून गठ्ठा सरकवायची. आतली सिस्टर पट्टी तपासायची. हात धुऊन, ते वर धरून उभ्या असलेल्या डॉक्टरबाई फक्त विचारायच्या, "शिट्टीचा ना?" सिस्टर "हो" म्हणायची आणि त्या म्हणायच्या, "उघड." वर्षानुवर्षं हे एवढंच. या दोन शब्दांवर शिट्टीचं पोट भरायचं. पगारावर फक्त घर चालायचं.

त्या सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "पट्टी मला दाखव. मागूनही."

सिस्टरने गठ्ठा उलटसुलट करून दाखवला. खिडकीतून शिट्टीने ते बघितलं. शस्त्रक्रिया आटोपल्यावर डॉक्टरबाई खिडकीशी आल्या.

"सोमवारपासून ही खोली नवी सिस्टर सांभाळेल. तू तिला सगळं दाखवून दे. हल्ली तुझं मन थाऱ्यावर नसेल, म्हणून."

"माझ्या मनाला काय झालंय?"

"बोलू नंतर," असं म्हणत डॉक्टरबाई पुढच्या रोग्याकडे गेल्या.

शिट्टीने यंत्र बंद केलं, एप्रन खुंटीला टांगला आणि निघाली. सोमवारच्या आत तिला स्वतःचा निर्णय शोधून काढायचा होता.

मास्तर ऑर्गनवरची धूळ झटकत होते.

"मास्तर, माझा काय निर्णय झालाय? मलाही कळवा की."

मास्तरांच्या हातातलं फडकं थांबलं. "ताई, मी निंदा केली नाही हो. नावसुद्धा घेतलं नाही."

"नाव घेतलं असतंत तर मी तिथेच उभी राहून विचारलं असतं. काय ऐकलंत?"

"तुम्ही शहरातल्या दवाखान्यात चाललात, चांगल्या पगारावर. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, म्हणून त्यांनाही सांगावं लागलं. विषय काकूंनी दिला होता."

स्वयंपाकघरातल्या काकू मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होत्या. शिट्टीला बघून त्यांनी आधी स्टूल पुढे केलं. "बस गं बाई, उभी राहू नकोस. सूप प्यायलीस?"

"सासूबाई प्यायल्या. मीठ कमी होतं म्हणाल्या."

"आजाऱ्याला कमीच घालतात."

"मी आजारी आहे? मास्तर तर म्हणाले, मी चांगल्या पगारावर चाललेय."

"म्हणजे नाहीस?" काकूंचा डाव थांबला. "पाळकीणबाई म्हणाल्या, त्या घरात मोठा निर्णय आहे, शहराला जावं लागणार. आता शहराला माणूस कशाला जातं? एक तर मोठ्या डॉक्टरकडे, नाहीतर मोठ्या पगाराकडे. मी आजार धरला. मास्तरांनी पगार धरलेला दिसतोय."

"आणि मला विचारायचं कोणी धरलं नाही!"

"तुला?" काकू हसल्या. "तुला विचारायला माणूस चिलखत घालून यायला हवं."

शिट्टी तोंड उघडणार होती, पण पातेलं उतू जायला लागलं आणि काकू वाचल्या.

चर्चच्या धर्मगुरूंची, म्हणजे पाळकसाहेबांची बायको पाळकीणबाई अंगणात चादरी वाळत घालत होत्या. त्यांनी चादर दोघींच्या मध्ये धरली आणि पलीकडून बोलू लागल्या.

"शनिवारी पुरुषांच्या प्रार्थनेत विषय आला होता. साहेबांनी घरी सांगितला. आम्ही नवराबायको एकमेकांपासून काही लपवत नाही."

"चांगलं आहे. पण बाई, ते तुमचं नव्हतं. माझं होतं."

चादर आणखी वर गेली.

"विषय दिला कोणी?"

"ते मला सांगता यायचं नाही." पाळकीणबाईंचा आवाज एकदम पवित्र झाला. "विश्वासाने सांगितलेलं असतं."

शिट्टीला इतकं हसू आलं, की तिने चादरीचं दुसरं टोक धरून ती दोरीवर टाकायला मदतच केली. विश्वासाने सांगितलेली गोष्ट मास्तरांच्या तोंडून सगळ्या आवारात वाजली होती, आणि आता विश्वास आठवला तो नेमका जिची गोष्ट तिच्यापुढे! मात्र चादर खाली आली तेव्हा पाळकीणबाईंची नजर कुठे गेली, ते तिने बघितलं. नजर मागच्या बाजूला, सुतारकामाच्या खोलीकडे गेली होती.

तिथून रंध्याचा आवाज येत होता. सुतार म्हणजे शिट्टीचा नवरा.

ती दारात उभी राहिली तसा रंधा थांबला.

"अहो, देवाला काय सांगितलंत?"

"कधी?"

"शनिवारी."

अर्ध्या झालेल्या बाकावर तो बसला. "देवाला सांगितलं होतं. बाकीच्यांना नव्हतं सांगितलं."

"बाकीचे कान घरी ठेवून आले होते का?"

"शहरातला फर्निचरवाला बोलावतोय," तो एका दमात म्हणाला. "राहायला जागाही देतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही. आपण दोघं आणि आई, असं तिकडे जावं का... निर्णय घ्यायला बळ मिळू दे, एवढंच मागितलं मी."

"देवाला सांगितलंत, पाळकाला सांगितलंत. ज्या बाईला घेऊन जायचं, तिला का नाही सांगितलं?"

"दोनदा आलो होतो की सांगायला. एकदा यंत्राचा वाल्व बिघडला होता. एकदा तुझा."

शिट्टी त्यावर शिट्टी घालणारच होती. पण हाच माणूस आणि काकूंचं चिलखत, दोन्ही एकदम तिच्या डोळ्यांपुढे आले, आणि तिची वाफ घशातच विरली. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"इथे काय कमी आहे?" तिने हळू विचारलं.

त्याने लाकडावर बोट फिरवलं. "कमी काही नाही. पण बघ, मी इथे बाकं करतो आणि शवपेट्या करतो. दवाखान्यातल्या बाकावर माणूस घाबरून बसतं, आणि पेटी कितीही गुळगुळीत केली तरी तिच्याकडे कोणाला बघवत नाही. मला जेवणाचं टेबल करायचंय गं. मोठं. ज्याच्याभोवती बसून माणसं भांडतील, पोरं दूध सांडतील, असं."

इतकी वर्षं ती याच्या हाताखालची धूळ झाडत होती, पण हे तिला ठाऊक नव्हतं. मुख्य म्हणजे या कामाबद्दल तिने त्याला कधी काही विचारलंच नव्हतं. आवाराला नावं ठेवायची आणि स्वतःच्या घरात तेच!

"मग जा," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी इथेच. सकाळची बस आहे, संध्याकाळची आहे. जाणारी बस परतही येते. फर्निचरवाल्याची जागा त्याला राहू दे, आपल्याला घर आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काय म्हणायचं, ते बुधवारी मी सांगते."

घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मला कधीच कळलं होतं. मला वाटलं, तुला माहीत असेल. सगळ्या आवाराला माहीत होतं."

शनिवारी शिट्टी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. बस म्हणायच्या आतच बसली.

"बाई, गठ्ठा ओला निघाला, पट्टी फिकी दिसली, तर तुम्ही काय करता?"

"परत पाठवते."

"कुठे?"

"तुझ्याकडे. आणखी कुठे?"

"मग माझ्याबद्दल शंका आली, ती मास्तरांकडे का पाठवलीत?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "चुकलं. तुलाच विचारायला हवं होतं. पण खरं सांगू? रोग्याच्या पोटात सुरी घालताना माझा हात कापत नाही, आणि तुला 'जाणार आहेस का' विचारायचं म्हटलं तर कापतो. तू हो म्हणाली असतीस तर?"

शिट्टीने टेबलावरचा चष्मा उगीचच त्यांच्याकडे सरकवला. रागाची तयारी करून आलेल्या माणसाला प्रेम भेटलं, की त्याची अशी पंचाईत होते.

"मी कुठेही जात नाही," ती म्हणाली. "नवरा जातोय, तोही बसने, संध्याकाळी परत येणार."

"मग सोमवारचं रद्द. पण नव्या सिस्टरला काम शिकव तू. उद्या आजारी पडलीस तर?"

"काकू सूप पाठवतील."

डॉक्टरबाई इतक्या मोठ्याने हसल्या, की बाहेरच्या रोग्यांनी दाराकडे बघितलं.

बुधवारी प्रार्थनेचे विषय मागितल्यावर शिट्टी उभी राहिली. मास्तरांनी डोळे आधीच मिटून घेतले.

"डोळे उघडा मास्तर, ही प्रार्थना नाही. माझं नाव सगळ्यांना माहीत आहे, दोन्ही नावं माहीत आहेत. माझा नवरा उद्यापासून शहरात टेबलं करायला जाणार. मी आजारी नाही. कोणी मला विकत घेतलेलं नाही. यापुढे माझ्याबद्दल काही कळलं, तर देवाकडे जायच्या आधी माझ्याकडे या. देव लांब आहे, माझी खोली जवळ आहे. आणि आलात तर..." इथे ती अडखळली. "आलात तर मी ओरडणार नाही. प्रयत्न करीन. आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

पाळकसाहेब खाली बघत होते, पाळकीणबाई त्याहून खाली. शेवटी काकूंनी हात वर केला.

"जायच्या आधी माझ्या स्टुलाचा पाय ठोकून जा म्हणावं."

सगळे हसले. सगळ्यात जोरात मास्तर हसले, सुटका झाल्यासारखे. त्यानंतर पाळकसाहेबांनी पुढचे विषय मागितले. लोक एकमेकांकडे बघत राहिले. एकदोघांनी तोंड उघडलं, नाव न घेता कोणाबद्दल तरी बोलणार होते, आणि गप्प झाले. त्या बुधवारी प्रार्थनासभा निम्म्या वेळात संपली. देवालाही जरा उसंत मिळाली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टीने पहिला गठ्ठा खिडकीत ठेवला. बाहेर बसचा हॉर्न वाजला, दार आपटलं आणि आवाज लांब गेला. मागच्या बाजूने रंध्याचा आवाज येत नव्हता. इतकी वर्षं तो आवाज आपल्याला ऐकू येत होता, हे तिला तेव्हा समजलं. काचेवर वाफ धरली होती. ती तिने पदराने पुसली, मग पुन्हा एकदा पुसली.

आत सिस्टरने पट्टी तपासली. डॉक्टरबाई हात वर धरून भूल देणाऱ्याशी कालच्या न फुगलेल्या पावाबद्दल काहीतरी बोलत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"शिट्टीचा ना?"

"हो."

"उघड."